टीबीच्या जिनोम सिक्वेन्सिंगची पार्श्वभूमी: काठावरच्या म्युटेशन्सचा वाद

क्षयाच्या जंतूचा जिनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा संपूर्ण क्रम, जगभर ज्या वाणाशी ताडून वाचतात तो एच३७आरव्ही. १९०५ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या क्षयाच्या एका रुग्णाच्या थुंकीतून वाढवलेल्या कल्चरचा हा वंशज. १९९८ मध्ये त्याचा पूर्ण क्रम आला: ४४,११,५२९ बेसजोड्या (डीएनएची अक्षरे), सुमारे ४,००० जनुके आणि त्या अक्षरांतल्या जी व सी या दोहोंचे प्रमाण ६५.६ टक्के. या शेवटच्या आकड्याने प्रयोगशाळांना आजवर पिडले आहे, कारण जी-सी जास्त असलेले भाग नीट वाचले जात नाहीत. संदर्भ म्हणूनही हा वाण सगळीकडे चपखल बसत नाही. दक्षिण भारतात जास्त आढळणाऱ्या लिनिएज १ या क्षयजंतूच्या घराण्यात टीबीडी१ नावाचा सुमारे दोन हजार बेसजोड्यांचा तुकडा असतो. तो एच३७आरव्हीत नाहीच, त्यामुळे त्या भागाचे रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे) कुठेच न जुळता मुकाट्याने गळतात.

पुढची दहा-बारा वर्षे क्रम वाचणे महाग होते, म्हणून सगळी भिस्त एका जनुकावर राहिली. क्षयावरचे मुख्य औषध रिफाम्पिसिन ज्या प्रथिनाला चिकटते त्याचे हे जनुक, आरपीओबी. १९९३ मध्ये दिसले की या औषधाला न जुमानणाऱ्या बहुतेक जंतूंमध्ये बदल ८१ बेसजोड्यांच्या एकाच पट्ट्यात असतो. एलपीए आणि सीबीनॅट या दोन्ही झटपट जनुकीय चाचण्यांचा रिफाम्पिसिनचा निकाल याच पट्ट्यावर उभा आहे. कोडॉनच्या (प्रथिनाचा एकेक घटक ठरवणाऱ्या तीन अक्षरांच्या गटाच्या) क्रमांकांचा घोळही तेव्हाचाच. आधी ई. कोलाय या दुसऱ्या जंतूच्या जनुकावरून आकडे दिले गेले आणि नंतर क्षयाच्या जंतूचे स्वतःचे आकडे आले. दोन्हींत ८१ चा फरक, म्हणजे जुना ५३१ तोच आजचा ४५०. पट्ट्याची लांबी ८१ आणि हा फरकही ८१, हा निव्वळ योगायोग. पण नवख्या माणसाची त्यात हमखास गफलत होते. जुना रिपोर्ट वाचताना कोणते क्रमांकन वापरले आहे ते आधी पाहावे.

खरा वाद झाला तो ‘काठावरच्या’ म्युटेशन्सवर, म्हणजे जनुकातल्या अशा बदलांवर. ४५० वर सेरीन या प्रथिनघटकाच्या जागी ल्युसीन आले की वाद उरत नाही, जंतू औषधाला अजिबात दाद देत नाही. पण ४३०, ४३५, ४४५, ४५२ इथले काही ठरावीक बदल आणि पट्ट्याबाहेरचा ४९१ वरचा बदल यांची गोष्ट वेगळी. हे बदल असलेल्या जंतूंची वाढ रोखायला लागणारी औषधाची मात्रा चाचणीच्या ठरलेल्या मात्रेच्या आसपासच रेंगाळते. त्यात हे जंतू वाढतातही सावकाश. एमजीआयटी या द्रव माध्यमात जंतू वाढवून पाहणाऱ्या चाचणीत औषधाच्या नळीची तुलना शंभरपट पातळ पेरणी केलेल्या बिनऔषधी नळीशी होते. बिनऔषधी नळी वाढीच्या ४०० युनिटला पोचली की त्याच क्षणी औषधाच्या नळीत १०० किंवा जास्त युनिट असतील तरच ‘रेझिस्टंट’, म्हणजे औषधाला न जुमानणारा. सावकाश वाढणारा जंतू तोवर शंभरी गाठत नाही आणि यंत्र ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे औषध लागू पडणारा, असे छापते. घन माध्यमावर, जास्त दिवस दिल्यावर, तोच जंतू बऱ्याचदा उगवून येतो.

अनेक वर्षे ‘वाढ हेच प्रमाण’ असे धरून दोष जनुकीय चाचणीच्या माथी मारला गेला. सीबीनॅट ‘रिफा रेझिस्टंट’ म्हणते, एमजीआयटी ‘सेन्सिटिव्ह’ म्हणते, म्हणजे सीबीनॅट खोटे बोलते, असा हिशेब. हा हिशेब चुकीचा होता. बांगलादेश आणि काँगोची राजधानी किन्शासा इथल्या पुन्हा उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ही म्युटेशन्स असलेल्यांचे नेहमीचे उपचार वाया गेलेले किंवा आजार उलटलेला मोठ्या प्रमाणात दिसला. तरीही जागतिक आरोग्य संघटनेचा निर्णय यायला २०२१ उजाडले. त्या वर्षी एमजीआयटीतली रिफाम्पिसिनची मात्रा मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमवरून ०.५ वर आणली गेली. त्याच वर्षी ३८,००० हून अधिक वाणांवर बेतलेली म्युटेशन्सची पहिली यादी आली, आणि तिच्यात काठावरची म्युटेशन्स रेझिस्टन्सच्या खात्यात गेली. ०.५ वरही काही जंतू निसटतातच. ४९१ वरचा बदल तर सीबीनॅटलाही दिसत नाही, कारण तिची नजर पट्ट्यापलीकडे जात नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनीत (पूर्वीचे स्वाझीलँड) असे वाण मोठ्या संख्येने पसरलेले आढळले, ते क्रम वाचला म्हणूनच. सीबीनॅटची उलटी चूकही ठाऊक असावी: ४३३ वर प्रथिन न बदलणारा मूक बदल असला, तरी प्रोब (मूळ क्रम ओळखणारा डीएनएचा तुकडा) चिकटत नाही आणि रिपोर्ट ‘रेझिस्टंट’ येतो. क्रम वाचला की हा घोळ लगेच मिटतो.

क्रम वाचायचा तर बहुतेक ठिकाणी अजूनही कल्चरपासूनच सुरुवात करावी लागते. बेडक्यात माणसाचाच डीएनए इतका असतो की जंतूच्या वाट्याला फारच थोडे रीड्स येतात. जंतू आधी उष्णतेने मारावा लागतो. ८० अंशांवर २० मिनिटे हा जुना आकडा दरवेळी पुरत नाही, म्हणून मारलेल्या नळीतून पुन्हा कल्चर लावून पद्धत पडताळतात. मेणचट पेशीभित्ती साध्या बफरला दाद देत नाही. तिला ०.१ मिलिमीटरच्या काचमण्यांनी फोडतात किंवा लायसोझाइम-सीटॅब ही रसायनांची पद्धत वापरतात. मणी जास्त वेळ फिरवले की डीएनएचे तुकडे होतात. आखूड रीड्सना ते चालते, लांब रीड्स हवे असतील तर सगळे मुसळ केरात. १ नॅनोग्रॅम डीएनएवर चालणारी किट्स सोयीची खरी, पण जी-सी जास्त असलेल्या भागांत त्यांचे कव्हरेज, म्हणजे त्या जागेवर येणाऱ्या रीड्सची संख्या, कोसळते. सरासरी ३० पट खोली दिसली तरी हव्या त्या कोडॉनवर किती रीड्स आहेत हे वेगळे पाहावे. पीई-पीपीई ही एकमेकांसारखी जनुके जिनोमचा सुमारे दहावा भाग व्यापतात, आणि आखूड रीड्स वापरताना ती सहसा झाकून ठेवतात.

सर्वांत फसवा असतो तो भेसळीचा परिणाम. तोंडातल्या इतर जंतूंचे रीड्स आरआरएससारख्या सर्व जंतूंत बरेचसे सारख्या असणाऱ्या जनुकावर येऊन चिकटतात. मग १०-१५ टक्के रीड्समध्ये म्युटेशन दिसते आणि अमिकॅसिन या औषधाला अंशतः रेझिस्टन्स असल्याचा भास होतो. म्हणून जुळवणीआधी परक्या प्रजातींचे रीड्स चाळून काढणे भाग आहे.

इंग्लंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून सिक्वेन्सिंग नेहमीच्या कामात आले. २०२३ मध्ये ५२,००० हून अधिक वाणांवर आधारलेली दुसरी यादी आली. भारतात २०२४ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिन या औषधावर बेतलेल्या सहा महिन्यांच्या बीपाल्म उपचारांना मंजुरी मिळाल्यावर या यादीची गरज आणखी वाढली. बेडाक्विलिनसाठी आरपीओबीसारखा आटोपशीर पट्टा नाही. आरव्ही०६७८ या जनुकात बदल कुठेही होऊ शकतो आणि जंतू औषध बाहेर फेकणारा पंप जास्त बनवू लागतो. पण पंपाचेच एमएमपीएल५ हे जनुक मोडलेले असेल, तर आरव्ही०६७८ बिघडूनही औषध लागू पडते. त्यामुळे रिपोर्टवर एकट्या आरव्ही०६७८ चा निकाल लिहिणे धोक्याचे. त्याच्या शेजारी एमएमपीएल५ ची स्थिती नोंदवायलाच हवी.