रीटा मोरेनो : चार पुरस्कारांमागची पंधरा वर्षे

ऑस्कर, ग्रॅमी, टोनी आणि एमी. चित्रपट, ध्वनिमुद्रण, रंगभूमी आणि दूरचित्रवाणी या अमेरिकी करमणुकीच्या चार क्षेत्रांतले हे चार सर्वोच्च पुरस्कार. स्पर्धेत उतरून चारही जिंकणाऱ्यांची यादी अजूनही छोटीच आहे आणि अभिनेत्री रीटा मोरेनो त्या यादीतल्या तिसऱ्या. त्यांच्याआधी होते दोघेच : १९६२ मध्ये संगीतकार रिचर्ड रॉजर्स आणि १९७७ च्या सुरुवातीला रंगभूमीवरच्या ज्येष्ठ अभिनेत्री हेलन हेज. त्याच वर्षी काही महिन्यांनी मोरेनोंनी चौथा पुरस्कार घेतला. स्पॅनिशभाषक समाजातून इथवर पोहोचणाऱ्या त्या पहिल्याच.

ही नामावली नुसती वाचली, तर ऑस्कर मिळालं आणि पुढचं सगळं त्याच्या बळावर आपोआप येत गेलं, असं वाटतं. घडलं नेमकं उलट. ऑस्करनंतर हॉलिवूडने त्यांच्यासाठी काही राखून ठेवलं नव्हतं, म्हणून त्या नाटकाकडे आणि मुलांच्या कार्यक्रमाकडे वळल्या आणि उरलेले पुरस्कार तिथून आले. त्यांच्या अष्टपैलुत्वाचं कौतुक करताना हा भाग सहसा गाळला जातो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

११ डिसेंबर १९३१ रोजी पोर्तो रिकोतल्या उमाकाओ इथे जन्मलेल्या या मुलीचं नाव रोसा दोलोरेस आल्वेरिओ. १९३६ मध्ये आईबरोबर ती न्यूयॉर्कला आली. धाकटा भाऊ मागे राहिला, तो कायमचाच. आई शिवणकामावर घर चालवायची. मुलीचं नृत्यशिक्षण पाको कान्सिनो यांच्याकडे सुरू झालं. हे हॉलिवूडची तारका रीटा हेवर्थचे काका. वयाच्या तेराव्या वर्षी, १९४५ मध्ये, ती ब्रॉडवेवर उभी राहिली. पुढे एमजीएम स्टुडिओने करार केला, नाव रीटा झालं, आणि मग सुरू झाल्या त्या ठरावीक भूमिका : कधी रेड इंडियन मुलगी, कधी मेक्सिकन, कधी पॉलिनेशियन. गोऱ्या नसलेल्या कुठल्याही मुलीसाठी एकच साचा. अनवाणी पाय, मोडकं इंग्रजी आणि नायकाला दुरून न्याहाळणं. १९५६ च्या ‘द किंग अँड आय’मध्ये त्या ब्रह्मदेशातून सयामच्या राजाला भेट म्हणून पाठवलेली टुप्टिम होत्या. त्यातली गाणीसुद्धा त्यांच्या आवाजात नाहीत, ती दुसऱ्या गायिकेने म्हटली.

न्यूयॉर्कमधल्या दोन टोळ्यांच्या वैरावरच्या १९६१ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’ या संगीतपटातली अनिता हा साचा मोडणारी होती. अनिता शिवणकाम करते, प्रियकराला टोकते, राजकारणावर बोलते, अमेरिकेचं कौतुक करते आणि तिथल्या वंशद्वेषाचा मारही सोसते. स्वाभिमान असलेली पोर्तो रिकन बाई पडद्यावर प्रथमच साकारायला मिळाली, असं मोरेनो नंतर सांगत आल्या. तरीही या चित्रपटातली एक गोष्ट त्यांना कायम खटकली. पोर्तो रिकन पात्रं करणाऱ्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकाच गडद तपकिरी रंगाचा थर चढवला जायचा. आमच्यात सगळ्या वर्णांची माणसं असतात, असं त्यांनी रंगभूषाकाराला सांगितलं, तर उलट त्यांनाच विचारणा झाली की तू वंशद्वेषी आहेस का? मुख्य कलाकारांतली खरीखुरी पोर्तो रिकन अभिनेत्री हीच. अनिताचा प्रियकर आणि पोर्तो रिकन टोळीचा म्होरक्या झालेला जॉर्ज चकिरिस ग्रीक वंशाचा, तर मारिया झालेली नॅटली वुड रशियन आईबापांची. इथेही एका अवघड गाण्यात मोरेनोंचा आवाज बदलला गेला. ‘अमेरिका’ हे गाणं मात्र त्यांनी स्वतः म्हटलं, आणि आज लोकांच्या लक्षात राहिलं आहे तेच.

९ एप्रिल १९६२. सांता मोनिकामधला ऑस्कर सोहळा. सहायक अभिनेत्रीच्या नामांकनांत जूडी गार्लंड होत्या आणि त्याच जिंकणार अशी मोरेनोंची खात्री होती. मोरेनो फिलिपिन्समध्ये एका युद्धपटाचं चित्रीकरण करत होत्या, तिथून विमानाने आल्या. ओबी म्हणजे किमोनोवर बांधायच्या पट्ट्याचं जपानी कापड वापरून त्यांनी झगा शिवून घेतला होता. रॉक हडसन यांनी नाव वाचलं. मोरेनोंचं भाषण म्हणजे विश्वास बसत नसल्याची दोन-तीन वाक्यं, संपलं. त्या रात्री चित्रपटाने दहा ऑस्कर जिंकली. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी ही पहिली लॅटिना. पुरुषांत पोर्तो रिकोच्याच होसे फेरर यांनी अकरा वर्षांपूर्वी ते घेतलं होतं.

त्यानंतर? फिलिपिन्समधला तो चित्रपट सोडला, तर साठचं दशक सरत येईपर्यंत त्या हॉलिवूडच्या पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत. ऑफर यायच्या त्या टोळीयुद्धांच्या, अनिताचीच हलकी नक्कल असलेल्या. त्यांनी नकार दिला. ऑस्करविजेती असून नाही म्हणायचं आणि कामाविना राहायचं, याला काय लागतं ते सांगायला नको. या काळात त्या लंडनच्या रंगभूमीवर गेल्या, १९६४ मध्येच लॉरेन हॅन्सबेरी यांच्या नाटकात ब्रॉडवेवर उभ्या राहिल्या. ऑगस्ट १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या वॉशिंग्टन मोर्च्यालाही त्या हजर होत्या.

पुढचा पुरस्कार जिथून आला तिथे प्रतिष्ठित कलाकार सहसा फिरकत नसत. १९७१ मध्ये सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ सुरू झाली. वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी गाणी, विनोद आणि छोटे प्रवेश यांचा तो कार्यक्रम. सुरुवातीला ऐकू येणारी ‘हे यू गाइज’ ही मोरेनोंची खणखणीत हाक एका पिढीच्या कानात अजून आहे. त्याच्या ध्वनिमुद्रिकेला मुलांसाठीच्या विभागात ग्रॅमी मिळाला. पुरस्कार सहकाऱ्यांबरोबर विभागून होता, म्हणून काही जण त्याला कमी लेखतात. मला ते पटत नाही. जिचा आवाज चित्रपटांनी पुन्हा पुन्हा झाकला, तिला ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मुलांना अक्षरं शिकवताना मिळावा, यात मोठा न्याय आहे.

टोनीची गोष्ट तर आणखी सुंदर. मोरेनो मित्रमंडळींत एक नक्कल करायच्या : उच्चार भयंकर, आवाज बेसूर आणि आत्मविश्वास आभाळाएवढा असलेली एक पोर्तो रिकन गायिका. नाटककार टेरेन्स मॅकनॅली यांनी ती पाहिली आणि ‘द रिट्झ’ या प्रहसनात गूगी गोमेझ हे पात्र लिहिलं. १९७५ मध्ये त्यासाठी त्यांना टोनी मिळाला. ज्या साच्यात हॉलिवूडने त्यांना वर्षानुवर्षं कोंबलं, त्याचीच त्यांनी अशी टिंगल उडवली. एमी आला तो १९७७ मध्ये, ‘द मपेट शो’मधल्या पाहुण्या कलाकार म्हणून. ‘फीव्हर’ हे गाणं त्या अगदी शांतपणे म्हणतात आणि मागे ॲनिमल नावाचा बाहुला ढोल बडवत त्यांचा विचका करत राहतो. पुढच्याच वर्षी ‘द रॉकफर्ड फाइल्स’ या गुप्तहेर मालिकेतल्या भूमिकेसाठी दुसरा एमी मिळाला.

तेव्हा या चार पुरस्कारांच्या जोडणीला नावच नव्हतं. ‘ईगॉट’ ही आद्याक्षरांची जुळणी १९८४ च्या सुमारास ‘मायामी व्हाइस’मधले अभिनेते फिलिप मायकल थॉमस यांनी आपली महत्त्वाकांक्षा म्हणून जाहीर केली. ती घरोघरी पोहोचली २००९ नंतर, ‘थर्टी रॉक’ या विनोदी मालिकेमुळे. म्हणजे मोरेनोंनी जिंकलं त्याची मोजदाद व्हायला तीस वर्षं गेली.

राष्ट्रीय सन्मान उशिरा, पण ओळीने आले. २००४ मध्ये ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’, २००९ चं ‘नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स’, २०१४ मध्ये अभिनेत्यांच्या संघटनेचा जीवनगौरव, २०१५ मध्ये केनेडी सेंटर सन्मान आणि २०१९ मध्ये प्रसारमाध्यमांतल्या कामासाठीचा पीबडी पुरस्कार. मार्च २०१८ मध्ये ऑस्कर सोहळ्यात त्या १९६२ चाच झगा घालून आल्या, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी.

२०२१ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘वेस्ट साइड स्टोरी’ पुन्हा केला. त्यात मोरेनोंसाठी व्हॅलेंटिना ही नवी व्यक्तिरेखा लिहिली गेली आणि त्या कार्यकारी निर्मात्याही होत्या. या वेळी पोर्तो रिकन पात्रांसाठी लॅटिनो कलाकारच निवडले गेले, चेहऱ्यांवर एकसारखा रंग फासला गेला नाही. मार्च २०२२ मध्ये अनिताच्या भूमिकेसाठी आरियाना डबोस यांना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. मोरेनो तेव्हा सभागृहात बसल्या होत्या आणि डबोस यांनी व्यासपीठावरून त्यांना उद्देशून आभार मानले.