लॉनला पाणी घालू नका, हॉस्पिटलला ऑक्सिजन कमी पडतोय!

२० ऑगस्ट २०२१. अमेरिकेतल्या फ्लोरिडात कोविडच्या डेल्टा प्रकाराची लाट जोरात होती, हॉस्पिटलं भरलेली, आणि अशात ओरलँडोचे महापौर बडी डायर यांनी लोकांना सांगितलं की निदान आठवडाभर लॉनला पाणी घालू नका, गाड्या धुऊ नका. कारण काय तर लिक्विड ऑक्सिजनचा तुटवडा. पहिल्यांदा वाचलं की वाटतंच, ऑक्सिजन आणि लॉनचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो जमिनीखालून सुरू होतो. ओरलँडोचं पाणी नदी-धरणातून येत नाही, खोल बोअरमधून येतं, साधारण पाव मैल खाली चुनखडीच्या थरातून. या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड विरघळलेला असतो, म्हणजे कुजलेल्या अंड्याचा वास. तो घालवायला तिथली कंपनी, ओरलँडो युटिलिटीज कमिशन, १९९० च्या दशकापासून ओझोन वापरते. ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र, एकदम चिडका वायू, समोर येईल त्याला ऑक्सिडाइज करून टाकतो. सल्फाइडचं सल्फेट होतं, वास जातो, रंग जातो, आणि वर जंतूही मरतात. आपल्याकडे बाटलीबंद पाण्याच्या लेबलवर ‘ओझोनाइज्ड’ लिहिलेलं असतं ना, तोच हा.

गंमत अशी की ओझोन साठवून ठेवता येत नाही. पाण्यात गेला की काही मिनिटांत मोडून परत ऑक्सिजन होतो, म्हणून प्लांटमध्येच जागेवर बनवावा लागतो, ऑक्सिजनमधून हाय व्होल्टेजचा डिस्चार्ज सोडून. साध्या हवेपासूनही बनतो पण पातळ बनतो, दोन-तीन टक्के, आणि शुद्ध ऑक्सिजन दिला तर दहा टक्क्यांच्या आसपास जातो, त्यामुळे मोठे प्लांट सरळ लिक्विड ऑक्सिजनचे टँकर मागवतात. उणे १८३ अंशाचा हा द्रव, एक लिटर तापला की साडेआठशे लिटरच्या आसपास गॅस देतो. हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात उभी असलेली ती पांढरी टाकी आठवा, तिच्यातही हेच असतं. आणि हाय-फ्लो मशीनवरचा एकेक पेशंट मिनिटाला ६० लिटरपर्यंत गॅस ओढू शकतो.

तर ओरलँडोला आठवड्याला साधारण १० टँकर लागायचे, सप्लायरने सांगितलं आता ५ ते ७ मिळतील, बाकीचे हॉस्पिटलला. यावर कुणी भांडेल असं नाहीच. पण मग प्लांटने करायचं काय? ओझोनचा डोस लिटरमागे ठरलेला असतो, तो कमी केला तर पाणी बिघडणार, म्हणून लिटरच कमी करायचे एवढंच हातात उरलं. आणि कंपनीच्या पिण्याच्या पाण्यातलं जवळजवळ ४० टक्के पाणी तर बागा-लॉनला जात होतं! वास काढलेलं, जंतू मारलेलं, हॉस्पिटलच्या वाट्याचा ऑक्सिजन खर्च करून साफ केलेलं पाणी गवतावर, तेसुद्धा ऑगस्टमध्ये, जेव्हा फ्लोरिडात पावसाळा असतो आणि टायमरवरचे स्प्रिंकलर भर पावसातही सुरू होतात. मला तरी हे सगळ्यात जास्त टोचलं. पाणी वाचवलं नाही तर सगळ्या शहराला पाणी उकळून प्यायला सांगावं लागेल, असा इशाराही कंपनीने देऊन ठेवला होता.

क्लोरीन का नाही टाकला मग? जंतूंसाठी चालतो, टँपा शहराने त्याच महिन्यात तात्पुरतं तेच केलं, ओझोन बंद करून क्लोरीन. पण टँपाचं पाणी मुख्यतः नदीचं. सल्फाइडवाल्या पाण्यात क्लोरीनचा मोठा वाटा सल्फाइडच खाऊन टाकतो आणि वर गंधकाचे बारीक कण सुटून पाणी गढूळ होऊ शकतं. म्हणजे एकाच राज्यातली दोन शहरं, पण पाणी वेगळं म्हणून उपाय वेगळा.

आपल्याकडे एप्रिल २०२१ मध्ये काय चाललं होतं ते वेगळं सांगायला नको. तेव्हा केंद्राने २२ एप्रिलपासून उद्योगांना ऑक्सिजन द्यायचा बंद केला, फक्त ९ प्रकारच्या उद्योगांना सूट होती. त्या यादीत इंजेक्शनच्या बाटल्या, औषधं, रिफायनरी, स्टील यांच्यासोबत सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि अन्न-पाणी शुद्धीकरणही होतं, म्हणजे यादी करणाऱ्यांना हा धागा माहीत होता. बातम्यांमध्ये मात्र त्या ओळीकडे फारसं कुणी बघितलं नाही. आपल्या महापालिकांचे बहुतेक प्लांट क्लोरीनवर चालतात, तो मिठाच्या पाण्यात वीज सोडून कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात बनतो आणि टोनरमध्ये, म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये, भरून ट्रकने येतो, त्यामुळे नळाचं पाणी आणि ऑक्सिजन बेड यांच्यात ओरलँडोसारखी ओढाताण आपल्याकडे सहसा होत नाही.