गृहकर्ज (मराठवाडा)

घर विकत घ्यायला, बांधायला किंवा आधीच घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर काम काढायला बँक, हाऊसिंग फायनान्स कंपनी नाहीतर सहकारी संस्थेकडून घेतलेलं लांब मुदतीचं कर्ज, ज्यात तेच घर तारण राहतं. हप्ता, व्याज, जामीनदार हे वाचणाऱ्याला माहीतच असतं असं धरून ही नोंद छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव आणि बीड या आठ जिल्ह्यांपुरती ठेवलीय. इकडे पगार बरा, सिबिल बरं, तरी फाईल अडते ती बहुतेक वेळा जमिनीच्या कागदावर, आणि त्या कागदाचं मूळ शोधत गेलं की माणूस निजामाच्या राज्यात पोचतो.

उगम. घर-जमीन गहाण ठेवून पैसे घेण्याची रीत किती जुनी यावर दोन मतं दिसतात. एक मत तिला स्मृतींपर्यंत नेतं. याज्ञवल्क्यस्मृतीत तारणाला आधि म्हटलंय आणि त्याचे गोप्य (नुसतं सांभाळून ठेवायचं) आणि भोग्य (सावकाराने वापरायचं, उत्पन्न खायचं) असे प्रकार केलेत. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहाव्याच्या काळात, म्हणजे साधारण अकराव्या शतकाच्या शेवटी किंवा बाराव्याच्या सुरुवातीला लिहिली, आणि ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमरग्याहून फार लांब नाही, त्यामुळे या मताला इकडे थोडा आपलेपणा मिळतो. गावातलं ताबे गहाण, ज्यात शेत सावकाराच्या ताब्यात जायचं आणि पीक तोच काढायचा, ते भोग्य प्रकारच्या तारणाच्या जवळचं आहे हे खरंच. पण आजच्या गृहकर्जात घर कर्जदाराच्याच ताब्यात असतं आणि बँकेकडे जातात ते फक्त कागद. ही रीत दुसऱ्या मताप्रमाणे इंग्लंडमधून आली, १७८३ च्या रसेल विरुद्ध रसेल या निकालापासून, ज्यात नुसते हक्काचे दस्त सोपवले तरी गहाण झालं असं मानलं गेलं. कायद्याची भाषा बघता हे दुसरं मतच जास्त पटतं.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हा प्रकार होता पण कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा मोजक्या व्यापारी शहरांपुरता, आणि १९२९ च्या दुरुस्तीनंतर तो कलम ५८(फ) मध्ये आला. बाकी शहरांना तो लागू व्हायला राज्य सरकारची अधिसूचना लागते. इथे एक बारीक गोष्ट आहे जी कर्जदाराला कुणी सांगत नाही: मालमत्ता कुठल्या गावात आहे याला महत्त्व नाही, कागद बँकेच्या हातात कुठे दिले ते शहर अधिसूचित पाहिजे. म्हणून घर तालुक्याच्या गावाला, सॅलरी खातं तिथल्याच ब्रँचला, आणि कागद द्यायला मात्र नवरा-बायकोला मोठ्या शहरातल्या लोन सेंटरला बोलावतात, अशी धावपळ झाली तर त्यामागे कधी कधी हे कारण असतं (कधी कधी नुसतीच बँकेची सोय). गहाण व्हायला तीन गोष्टी पाहिजेत, कर्ज, दस्तांचा ताबा आणि ते तारण म्हणून देतोय हा इरादा, असं सुप्रीम कोर्टाने के. जे. नाथन प्रकरणात १९६४ साली मांडलं आणि तेच आजही चालतं. त्याआधी १९५० मध्ये रछपाल महाराज प्रकरणात, सोबतच्या टिपणाची नोंदणी कधी लागते यावर निकाल आला होता: टिपण हाच जर सौदा असेल तर नोंदणी, झालेल्या सौद्याची नुसती आठवण असेल तर नाही. महाराष्ट्रात आता कर्जदाराला गहाणाची सूचना, म्हणजे नोटीस ऑफ इंटिमेशन, ३० दिवसांत रजिस्ट्री ऑफिसला द्यावी लागते, त्यामुळे या जुन्या वादाची धार बरीच कमी झालीय.

तीस वर्षांचा सर्च. बँकेच्या पॅनलवरचा वकील मागच्या ३० वर्षांचे व्यवहार तपासतो. तीसच का, यावर वकिलांमध्येच एकमत नाही. काही जण १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ९० कडे बोट दाखवतात, तिथे ३० वर्षं जुना आणि योग्य ठिकाणाहून आलेला दस्त खरा धरता यायचा (तो कायदा २०२४ मध्ये जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला). काही म्हणतात हे इंग्लंडच्या १९२५ च्या कायद्यावरून आलं, तिथे हक्काचं मूळ तपासायची मुदत ४० वरून ३० वर्षांवर आणली होती. तिसरं मत मुदत कायद्याचं, १९६३ च्या कायद्यात गहाण सोडवून घ्यायची मुदत ३० वर्षं आहे, १९०८ च्या कायद्यात ती ६० होती, आणि सरकारच्या दाव्यालाही आता ३० वर्षंच आहेत. तेव्हा ३० वर्षं मागे गेलं की कुणाचं झोपलेलं गहाण उठून उभं राहायची भीती कमी होते, आणि बँकेला नेमकी तीच भीती असते म्हणून हे तिसरं मत जवळचं वाटतं. गहाणाच्या पैशाच्या वसुलीची मुदत १२ वर्षं आहे, त्यामुळे काही ठिकाणी १३ वर्षांच्या सर्चवरही भागवतात.

मराठवाड्यात अडचण अशी की ३० वर्षं पुरतच नाहीत. आज कर्ज मागितलं तर सर्च नव्वदीच्या दशकापर्यंत जातो, आणि जमिनीचा वर्ग ठरला तो पन्नाशीच्या दशकात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला, १९५४ चा इनाम रद्द करणारा कायदा झाला, त्याच सुमारास १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे कुठली जमीन कुणाकडे आणि कुठल्या हक्काने आहे याची गावनिहाय नोंद, तयार झालं, आणि १९५६ ला हा सगळा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला, कायदे मात्र हैदराबादचेच सोबत घेऊन. म्हणून इकडचा जाणता वकील सर्च रिपोर्ट स्वच्छ असला तरी खासरा पत्रक आणि त्यानंतरची पहाणी पत्रकं (पीक आणि वहिवाटीच्या नोंदी) मागतो. पुण्याहून फाईल बघणाऱ्या क्रेडिट डिपार्टमेंटला हे कळत नाही आणि मग "हा कागद कशाला?" असा उलटा प्रश्न येतो.

खासऱ्यात काय निघू शकतं? मदतमाश, म्हणजे माणसाला गुजराणीसाठी दिलेलं इनाम. खिदमतमाश, म्हणजे मंदिर-मशीद-दर्गा यांच्या सेवेसाठीचं. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं १९५४ च्या कायद्याने रद्द झालीच नाहीत, त्यामुळे अशा जमिनीवर प्लॉट पडले, घरं उभी राहिली, वीस वर्षं घरपट्टी भरली तरी तारण म्हणून ती बँकेला चालत नाही. वक्फ असेल तर बोर्डाचं मुख्य कार्यालय संभाजीनगरलाच, पाणचक्कीला आहे, नोंद तिथे बघता येते. तिसरा प्रकार कुळाच्या जमिनीचा, सातबाऱ्याच्या इतर हक्कात '५० ब' अशी अट दिसते ती, तिथे विक्रीला परवानगी किंवा आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून मोकळीक असा मार्ग आहे. जुना दस्त उर्दूत किंवा मोडीत असला तर भाषांतर करून आणायला लागतं, आणि सन फसली (निजामी कारभारातली कालगणना) असेल तर साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो, फसली वर्ष जानेवारीला सुरू होत नसल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

गुंठेवारी, सिडको, गावठाण. शहराच्या कडेला शेतात बिनशेती न करता पाडलेले प्लॉट म्हणजे गुंठेवारी, संभाजीनगरात अशा वसाहतीच्या वसाहती आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ आधीची बांधकामं नियमित करायची सोय केली, २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. नियमित झाल्याचं प्रमाणपत्र असेल तर बँका विचार करतात, नुसत्या बॉण्ड पेपरवर, रजिस्ट्री न करता घेतलेल्या प्लॉटला नाही. जुलै २०२१ च्या परिपत्रकाने एक-दोन गुंठ्यांच्या रजिस्ट्र्या थांबल्या होत्या, ते परिपत्रक २०२२ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केलं, पण रजिस्ट्री झाली म्हणजे कर्ज मिळालं असं नाही हे लोकांना फाईल परत आल्यावरच कळतं.

सिडकोची जी घरं भाडेपट्ट्यावर आहेत त्यांच्या गहाणाला सिडकोची ना-हरकत लागते, बाकी कागद तिथले सगळ्यात सुटसुटीत. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, तो कराचा उतारा आहे, मालकीचा नाही, म्हणून गावातल्या घराला कर्ज मिळणं अवघडच होतं. २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळायला लागलं तसं हे चित्र थोडं बदलतंय. माळवदाच्या (मातीच्या सपाट छपराच्या) जुन्या घराचं व्हॅल्युएशन करायला इंजिनिअर नाखूष असतात, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदं खाली आली तेव्हापासून तर जास्तच.

बचत. स्वतःची रक्कम, म्हणजे मार्जिन मनी, आधी जमवायला लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० आणि त्यावर ७५ टक्के मिळू शकतात, आणि १० लाखांपर्यंतची किंमत सोडली तर मुद्रांक-नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला ३० लाखांचा फ्लॅट धरला तर १० टक्के म्हणजे ३ लाख, मुद्रांक ६ टक्क्यांनी १ लाख ८० हजार, नोंदणी ३० हजार, परवडणाऱ्या घराचा १ टक्का जीएसटी ३० हजार, असे ५ लाख ४० हजार हातात पाहिजेत, वर वकील, व्हॅल्युअर, प्रोसेसिंग फी. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट आहे, आणि मराठवाड्यात बायकांच्या नावावर घरं वाढायला या सूटीचाही हात असावा.

पैसे जमतात ते भिशीतून, सोन्यातून, आरडीतून, नोकरदाराच्या पीएफमधून. पतसंस्था आणि मल्टिस्टेटमध्ये (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेत) दोन टक्के जास्त व्याजासाठी घराचे पैसे ठेवायची इकडची सवय धोक्याची, बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे (फेब्रुवारी २०२० पासून), पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. भिशी उचलली की ती रोख एकदम खात्यात दिसते आणि मॅनेजर विचारतो हे कुठून आले, म्हणून जाणकार लोक पैसे आधीपासून थोडे थोडे खात्यात फिरवतात. इसार देताना २० हजार किंवा त्यावर रोख द्यायची नाही, जून २०१५ पासून तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला बसू शकतो. बिल्डरनेही करार नोंदवायच्या आधी १० टक्क्यांच्या वर घ्यायचे नाहीत हे रेराचं, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याचं, कलम १३.

अर्ज. वाळूज-शेंद्र्याच्या एमआयडीसीतला कामगार किंवा झेडपीचा शिक्षक असेल तर पगारपत्रक, फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट, इथे काही विशेष नाही. शेतकऱ्याचं अवघड, शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून रिटर्न भरलेला नसतो, सोयाबीन-कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे एकदम येतात आणि हप्ता मात्र दर महिन्याला. आडत्याच्या हिशोबपट्ट्या, कारखान्याचं ऊसबिल खात्यात जमा झालेलं, सातबाऱ्यावरचा पीकपेरा हे सगळं जोडूनही नोकरीवाला मुलगा किंवा सून को-अप्लिकंट घातल्याशिवाय फाईल सहसा पुढे सरकत नाही. आणि सातबाऱ्यावर पीककर्जाचा जुना बोजा राहून गेलेला असतो, फेडलेला पण कमी न केलेला.

हप्त्याचा अंदाज: २० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं, तर महिन्याला साधारण १७,३५६ रुपये, म्हणजे व्याजच २१ लाखांच्या वर. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांचे नवे फ्लोटिंग कर्जदर रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो दर) बाहेरच्या दराला बांधलेत, आधी एमसीएलआर आणि त्याआधी बेस रेट हे बँकेने स्वतः ठरवलेले दर होते, जुन्या दरावर अडकून राहिलेले लोक अजून भेटतात. फ्लोटिंग कर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. प्रधानमंत्री आवास शहरी २.० मध्ये पात्र कुटुंबाला ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत.

देणाऱ्या संस्था. जुन्या पिढीत घरकर्ज म्हणजे हैदराबाद बँक, १९४१ ला निघालेली, २०१७ ला स्टेट बँकेत विलीन. नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ ची, २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. नागरी सहकारी बँकांची घरकर्जाची मर्यादा २०२२ मध्ये दुप्पट झाली.

फेड. कर्ज संपल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना नो ड्यूज दाखला, सरसाईतली (तारणांच्या केंद्रीय नोंदणीतली) नोंद बंद झाल्याचा पुरावा आणि रजिस्ट्रीतली गहाणाची नोंद सोडवल्याचा दस्त हे तिन्ही मागायचे, आणि सातबारा किंवा पीआर कार्डावर (मालमत्ता पत्रकावर) बोजा चढवला असेल तर तो कमी करायचा अर्ज तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हेला स्वतःच द्यायचा, बँक तो देतेच असं नाही.