बर्किट लिम्फोमा

लसीका पेशींपासून (प्रतिकारशक्तीचे काम करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींपासून) उद्भवणारा, अतिशय वेगाने वाढणारा कर्करोग. विषुववृत्तीय आफ्रिकेत तो मुख्यतः लहान मुलांच्या जबड्यात व पोटात आढळतो. या रोगाची ओळख पटवणारे आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट (१९११–१९९३) यांचे नाव त्याला मिळाले आहे.

युगांडातील कंपाला येथील मुलागो रुग्णालयात १९५७ मध्ये बर्किट यांना एक मूल दाखवण्यात आले. त्याच्या वरच्या व खालच्या जबड्यांना दोन्ही बाजूंनी गाठी होत्या. काही आठवड्यांतच जिंजा येथील रुग्णालयात त्यांना तशाच गाठींचे दुसरे मूल दिसले. त्याच्या पोटातही गाठी होत्या. निरनिराळ्या अवयवांतील या गाठी स्वतंत्र नसून एकाच रोगाच्या असाव्यात, हे त्यांच्या ध्यानात आले व १९५८ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांनी त्या गाठींना सार्कोमा (हाडे, स्नायू यांसारख्या ऊतकांचा कर्करोग) मानले होते. त्या लसीका पेशींच्या असल्याचे पुढे विकृतिशास्त्रज्ञांनी दाखवले.

बर्किट यांचे खरे मोठेपण यापुढच्या कामात आहे. हा रोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे त्यांनी आफ्रिकेतील रुग्णालयांना पत्रके पाठवून विचारले आणि १९६१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह सुमारे १६,००० किमी. मोटारप्रवास करून स्वतः पडताळले. उंच, थंड किंवा कोरड्या प्रदेशांत रोग जवळजवळ नव्हता. विषुववृत्तापासून जसजसे दक्षिणेकडे जावे, तसतशी तो ज्या उंचीपर्यंत आढळे ती मर्यादा खाली येत होती. म्हणजे निर्णायक बाब उंची नसून तापमान व पाऊस ही होती. हा पट्टा हिवतापाच्या पट्ट्याशी बराचसा जुळत असल्याने डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूची शंका घेतली गेली.

त्याच वर्षी लंडनमधील त्यांचे व्याख्यान ऐकून ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञ अँथनी एप्स्टाइन यांनी गाठींचे नमुने मागवले. एप्स्टाइन, बर्ट आचोंग व इव्हॉन बार यांनी १९६४ मध्ये त्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने नवा विषाणू दाखवला. एप्स्टाइन–बार विषाणू हा मानवी कर्करोगाशी संबंध आढळलेला पहिला विषाणू होय. तो जगभर बहुतेक प्रौढांत असतो आणि डासांमार्फत पसरत नाही, तर मुख्यतः लाळेतून पसरतो. त्यामुळे डासांबाबतचा मूळ तर्क विषाणूपुरता चुकला. हिवतापाशी असलेले नाते मात्र खरे ठरले, कारण वारंवार होणाऱ्या हिवतापामुळे विषाणूबाधित पेशींवरील प्रतिकारशक्तीचा ताबा सुटतो.

जबड्यावरील शस्त्रक्रियेने मुले विद्रूप होत, पण बरी होत नसत. किरणोपचाराची सोय युगांडात नव्हती. म्हणून बर्किट यांनी मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फामाइड इत्यादी औषधे वापरली आणि काही मुलांच्या गाठी अल्प मात्रांनीच कायमच्या नाहीशा झाल्या. केवळ औषधांनी बरा होऊ शकणाऱ्या पहिल्या काही कर्करोगांत या रोगाची गणना होते.