गाभण मांजर ओकते तेव्हा

गाभण मांजरीने सकाळी उठून पिवळा फेस ओकला, की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘हिला डोहाळे लागलेत.’ म्हणायला हरकत नाही, पण बाईच्या मळमळीशी ही तुलना फार ताणू नये. बाईच्या वारेतून एचसीजी नावाचं संप्रेरक स्रवतं. मांजरीच्या वारेतून ते स्रवत नाही. (म्हणूनच माणसांची गर्भचाचणीची पट्टी मांजरीच्या लघवीत बुडवून काही उपयोग नाही.) मांजरीच्या बाबतीत संशय जातो तो प्रोजेस्टेरॉनवर. गर्भ टिकवणारं हे संप्रेरक जठर-आतड्यांची हालचाल मंदावतं, अन्न रेंगाळतं आणि भूक मोडते.

मांजरीचं गाभणपण साधारण ६३ ते ६७ दिवसांचं. ओकारी होते ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सड फुगून गुलाबी दिसू लागतात त्याच सुमारास. बऱ्याच मांजरींना ती होतच नाही. दिवसाआड एखादी उलटी, मग अंग चाटणं, खाणं, झोपणं नेहमीसारखं, आणि आठवडाभरात सगळं थांबलं, तर चिंता नको. उपाशीपोटी पित्त पडत असेल तर झोपण्यापूर्वी दोन घास द्यावेत. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

ओकताना तिच्या पोटाकडे नीट पाहा. उलटीआधी मांजर ओठ चाटते, लाळ गिळते, मग पोट आत-बाहेर खेचत उबळ येते. उबळ न येता, मान खाली घालताच न पचलेलं अन्न लांबट आकारात बाहेर पडलं, तर ते जठरापर्यंत पोचलंच नव्हतं. हे बहुतेक वेळा घाईघाईने खाल्ल्यामुळे होतं. पसरट ताटलीत अन्न पातळ पसरून दिलं की वेग कमी होतो. हे वारंवार घडू लागलं तर मात्र अन्ननलिका तपासायला हवी.

उलटी झाल्यावर तीन-चार तास अन्न देऊ नये. पाणी तोडू नये, पण वाडगाभर एकदम न ठेवता अर्ध्या तासाने चमचा-दोन चमचे द्यावं. मग बिनमिठाचं, मसाल्याशिवाय उकडलेलं बिनहाडाचं चिकन चमचाभर. ते पोटात टिकलं तर दोन तासांनी पुन्हा. गाभण मांजरीला पिल्लांसाठीचं खाद्य चांगलं मानवतं, पण ते एका दिवसात बदललं तर त्यानेच ओकारी होते. सात ते दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत न्यावं. शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांनी भरलेलं गर्भाशय जठराला जागाच देत नाही. तेव्हा दिवसाचं अन्न पाच-सहा वेळांत वाटावं.

दिवसभर उपाशी ठेवण्याचा जुना सल्ला इथे चालत नाही. दोन-तीन दिवस अन्न तुटलं तर मांजरीच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून २४ तास काही खाल्लं नाही, दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या झाल्या, रक्त पडलं, किंवा हिरड्या बोटाला चिकट लागू लागल्या, तर पशुवैद्यांकडे न्यावं.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मांजर गाभण नसतेच. माजानंतर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू भरला, तरी पोट वाढतं, भूक जाते, उलट्या होतात. पाणी पिणं वाढलं, शेपटीखाली घाण वास येऊ लागला, तर ते डोहाळे नव्हेत. सोनोग्राफीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसतात, त्यामुळे शंका लवकर फिटते. दुसरं, जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर तो ओढू नये. त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं आणि ओढल्याने आतडं चिरतं. लिलीची फुलं किंवा पानं चावली असतील तर उलटीची वाट न बघता निघावं, मूत्रपिंडं निकामी होतात.

घरातल्या औषधांना हात लावू नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. उलटीवरचं आणि जंतांचंही औषध पशुवैद्यच ठरवतील. त्यांना गाभणपणाचा अंदाजे दिवस आधी सांगावा.

दिवस भरत आल्यावर झालेली एखादी उलटी वेगळी. मांजरीचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ३७.५ च्या आसपास उतरलं, मांजर कोपरा उकरू लागली, तर साधारण दिवसभरात कळा सुरू होतील. अशा वेळी खाणं पुढे करू नये, पाणी जवळ ठेवून दिवा मंद करावा.