आरपीजी घेताय? पैसे देण्याआधी एवढं वाचा

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा व्हिडिओ गेम. ‘हा आरपीजी आहे का हो?’ हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो, आणि विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात वेगळंच काहीतरी असतं. कुणाला तलवार आणि ड्रॅगन हवा असतो, कुणाला मोठाच्या मोठा मोकळा नकाशा, कुणाला नुसती लांबलचक गोष्ट. यातलं सगळं आरपीजीत असू शकतं, पण तेवढ्याने गेम आरपीजी होत नाही. मग दोन दिवसांनी ‘हे तसलं नाही’ म्हणून डिस्क परत येते. तुमचा हेलपाटा वाचावा आणि फोडलेली पाकिटं आमच्या गळ्यात पडू नयेत, म्हणून हे पत्रक.

आमची कसोटी सोपी आहे. गेममध्ये अडलात, तर पुढे जाण्यासाठी सुधारायचं कुणी? तुम्ही, की तुमच्या पात्राने? मारिओ पहिल्या टप्प्यात जेवढी उडी मारतो तेवढीच शेवटच्या टप्प्यात मारतो. हात बसतो तो तुमचा. आरपीजीत पात्र वाढतं. त्याची ताकद, चपळाई, अक्कल आकड्यांत मांडलेली असते आणि काय जमेल, काय फसेल हे बरंचसं ते आकडे ठरवतात.

१९८६ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलवर आलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ घ्या. किल्ल्याबाहेर पडलात की स्लाईम नावाचे निळे गोळे भेटतात. एका स्लाईममागे एक एक्सपी, म्हणजे अनुभवाचा गुण, सात झाले की दुसरी लेव्हल. बटण किती झटक्यात दाबलं याला काडीची किंमत नाही. हल्ला, मंत्र की पळ काढायचा, एवढंच निवडायचं. घाई करून पूल ओलांडलात तर पलीकडचे राक्षस धू धू धुतात. मेलात की पुन्हा राजासमोर हजर. निम्मं सोनं गेलेलं असतं, पण कमावलेला एक्सपी शाबूत. वेळ पात्रात मुरतो, ही या प्रकारातली खरी गंमत. ज्यांना ती कळते ते स्लाईम मारत तासन् तास बसतात, बाकीच्यांना कंटाळा येतो. दोघांचंही बरोबर आहे.

हे सगळं आलं टेबलावरून. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. त्याआधीच्या युद्धखेळांत माणूस अख्खी फौज हलवायचा. इथे त्याच्या हाती एकच पात्र आलं. कागदावर त्याचे सहा गुण, हातात फासे आणि समोर गोष्ट चालवणारा एक माणूस. पुढे हिशोब संगणकाने उचलला. १९८१ साली ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ आले, आणि त्यांचीच गोडी लागलेल्या युजी होरी यांनी वरचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ घडवला.

पण गोष्ट चालवणारा माणूस संगणकात कसा बसवणार? तुम्ही काहीही बोलाल, त्याने हसून उत्तर द्यावं, हे यंत्राला जमणारं नव्हतं. काहींनी तो नाद सोडला आणि लढाई व लूट यांवर भर दिला. ‘डायब्लो’ त्या वाटेचा. काहींनी संवाद आणि निवडी शक्य तितक्या लिहून ठेवल्या. या दुसऱ्या वाटेवरचा आजचा बादशहा म्हणजे बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३). त्यात कुलूप उघडायचंय, त्याला निदान १५ लागतात. पडद्यावर वीस बाजूंचा फासा फिरतो, ११ पडतात. तुमचा चोर चपळ आणि कुलपांत तरबेज असेल तर त्या गुणांचे वरचे पाच मिळून १६ होतात आणि काम होतं. तोच फासा धिप्पाड, मंद हाताच्या योद्ध्याने टाकला तर कुलूप ढिम्म हलत नाही. आणि १ पडला, तर कितीही तरबेज असा, फसलंच. पण मग दार फोडता येतं, किंवा दुसरी वाट शोधता येते.

लढाई असायलाच हवी असंही नाही. ‘डिस्को एलिसियम’मध्ये (२०१९) लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. चोवीस कौशल्यं आणि एक दारूने वाट लागलेला पोलीस. शरीराचे आकडे अगदी कमी ठेवलेत, तर पंख्याला लटकलेला स्वतःचाच टाय ओढताना तो हृदय बंद पडून मरू शकतो. आमच्या मते यापेक्षा अस्सल आरपीजी गेल्या कित्येक वर्षांत आलेला नाही, पण तो इंग्रजी कादंबरीइतका वाचावा लागतो, हे सांगितल्याशिवाय आम्ही तो कुणाला सुचवत नाही.

आता कुंपणावरचे. ‘जीटीए सॅन अँड्रियाज’मध्ये नायक सीजे जिममध्ये जातो, जाड होतो, बारीक होतो, मसाला आरपीजीचा, जेवण वेगळं. ‘बीजीएमआय’ हा मोबाईलवरचा गोळीबाराचा गेमही आरपीजी नाही, प्रत्येक मॅच पुन्हा रिकाम्या हाताने सुरू होते. पुण्यात तयार झालेला ‘राजी’ (२०२०) आवर्जून खेळा, पण तो ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे. ‘एल्डन रिंग’मध्ये बटणांवर बोटं झटपट चालवावी लागतातच, तरीही क्लेमोर तलवार नीट चालवायला ताकद १६ आणि चपळाई १३ हवी, म्हणून तो आरपीजीच्या कप्प्यात. ‘झेल्डा’वरून दुकानातल्या पोरांचं रोज भांडण होतं. त्याचा नायक लिंक याची हृदयं (म्हणजे जीव) वाढतात, पण बहुतेक भागांत लेव्हल नसते. मालकांचा कौल: आरपीजी नाही.

घेण्याआधी दोन गोष्टी. ‘विचर ३’सारखा गेम पन्नास तासांच्या खाली आटपत नाही, त्यामुळे आरपीजी आठवड्याच्या भाड्याने नेऊ नका, सेकंडहँड घ्या आणि संपल्यावर एक्स्चेंज करा. डिस्क परत केली तरी सेव्ह, म्हणजे तुम्ही कुठवर पोचलात त्याची नोंद, तुमच्या कन्सोलमध्येच राहतं, ते पुसू नका. ‘विचर ३’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ दोन्ही १८ वर्षांवरच्यांसाठी आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलांना पोकेमॉन द्या. त्याला मात्र निन्टेन्डोचं स्विच लागतं, तेव्हा घरी कुठला कन्सोल आहे ते विचारून या.