माइंत्सचे प्रजासत्ताक : पार्श्वभूमी

जर्मनीतील ऱ्हाइन नदीकाठचे माइंत्स १७९२ मध्ये एका आर्चबिशपच्या राज्याची राजधानी होते. पवित्र रोमन सम्राटाची निवड करणाऱ्या मोजक्या इलेक्टरांत या आर्चबिशपचा समावेश असल्याने त्याचा मान मोठा, पण सैन्य तुटपुंजे होते. सप्टेंबरमध्ये क्रांतिकारी फ्रान्सवर चालून आलेल्या प्रशियाची आगेकूच तेथील वाल्मी गावी अडल्यावर फ्रेंच सेनापती क्युस्तीन श्पायर आणि वोर्म्स घेत पुढे आला. माइंत्सचा आर्चबिशप, इलेक्टर एर्थाल, आधीच पळून गेला होता आणि २१ ऑक्टोबर रोजी हे तटबंदीचे शहर जवळजवळ न लढताच शरण आले.

दोनच दिवसांनी, इलेक्टरच्याच राजवाड्यात, स्वातंत्र्य आणि समतेच्या पुरस्कर्त्यांचा क्लब स्थापन झाला. त्याचे सभासद पुढे पाचशेच्या घरात गेले. त्यांतील सर्वांत नामवंत म्हणजे विद्यापीठाचा ग्रंथपाल गेओर्ग फोर्स्टर. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या याच फोर्स्टरने विल्यम जोन्सच्या इंग्रजी अनुवादावरून कालिदासाचे ‘शाकुंतल’ १७९१ मध्ये जर्मनमध्ये आणले होते.

पॅरिसच्या १५ डिसेंबरच्या हुकुमाने व्यापलेल्या प्रदेशांतील सरंजामी हक्क आणि धर्मसंस्थेचा दशांश कर रद्द झाला, आणि निवडणुकाही ठरल्या. मात्र मत द्यायचे तर आधी स्वातंत्र्य आणि समतेची शपथ घेणे बंधनकारक होते. इलेक्टर परतला तर काय, ही धास्ती आणि जुन्या राज्यावरची निष्ठा यांमुळे अनेकांनी शपथ नाकारली. नकार देणाऱ्या काहींना हद्दपारही करण्यात आले. स्वातंत्र्याची सक्ती करणारा हा कारभार स्वतःच्याच तत्त्वांशी विसंगत होता. २४ फेब्रुवारी १७९३ च्या मतदानात खुद्द माइंत्समध्ये चारशेहून कमी लोकांनी मत दिले.

तरीही १७ मार्च रोजी प्रतिनिधींची परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी लांडाउ ते बिंगेन हा प्रदेश साम्राज्यापासून मुक्त झाल्याचे तिने जाहीर केले. हेच माइंत्सचे प्रजासत्ताक. असे चिमुकले राज्य एकटे तगणार नाही, हे उघड असल्याने काही दिवसांतच परिषदेने फ्रान्समध्ये विलीनीकरणाची मागणी केली. ती घेऊन फोर्स्टर आणि आदाम लुक्स एका व्यापारी प्रतिनिधीसह पॅरिसला गेले. ३० मार्च रोजी ती मान्यही झाली, पण तोवर प्रशियन फौजा ऱ्हाइन ओलांडून आल्या होत्या.

एप्रिलमध्ये पडलेला वेढा २३ जुलै रोजी शरणागतीने संपला. फ्रेंच शिबंदीला सुखरूप जाऊ देण्यात आले. मागे राहिलेल्या क्लबवाल्यांना जमावाचा मार आणि तुरुंगवास सोसावा लागला. लुक्सला त्याच नोव्हेंबरात पॅरिसमध्ये गिलोटिनवर चढवले गेले आणि फोर्स्टर जानेवारी १७९४ मध्ये तेथेच आजाराने वारला. १७९७ मध्ये माइंत्स पुन्हा फ्रेंचांकडे आले, तेव्हा परिषदेचा अध्यक्ष आंद्रेआस योझेफ हॉफमान नव्या प्रशासनात करवसुलीचा अधिकारी झाला.